नलूताईंची चार घरं

नलूताई होत्या म्हणून मी टिकले. काय झालं ते पुढे सांगतेच. नलूताई म्हणजे पावस गावच्या आमच्या बागायतदारांची, बापूकाकांची, थोरली बहीण. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कुणी घाईनं काही ठरवलं की हाताला येईल त्या कागदावर एक उभी, एक आडवी रेघ ओढायच्या आणि म्हणायच्या, "चारही घरं भर, मग बोल."

मी हिंगोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. त्यांच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरायला आले होते. एकदा गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले, आंब्यात साका निघतोय. साका म्हणजे आतला गर पांढरा, आंबट. कापल्याशिवाय कळत नाही. वहीत पेटीच्या नंबरासमोर भरणारीचं नाव असायचं. तक्रारीच्या बहुतेक नंबरांसमोर माझंच.

शेवंतामावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "घाटावरचा हात गो, आंबा आतून शिजवतो!" बाया हसल्या. बापूकाका म्हणाले, "शनिवारच्या गाडीनं गावी जा." मी खाली बघत राहिले. मलाही वाटायला लागलं होतं, असेल माझ्याच हातात काहीतरी.

ताईंनी विचारलं, "बापू, चांगल्या निघालेल्या पेट्या कुणी भरल्या?"

"चांगल्याचा फोन कोण करतो, ताई?"

"मग आपण करू."

दोन दिवस, दम लागत असताना, त्या एकेका गिऱ्हाइकाला विचारत राहिल्या. चार घरं भरली: माझ्या खराब, माझ्या चांगल्या, बाकीच्यांच्या खराब, बाकीच्यांच्या चांगल्या. माझ्या चाळीस पेट्यांत बारा खराब, बाकीच्यांच्या चाळिसांत चार. मी सामान बांधायला उठले.

"थांब गो. वहीत सकाळ-दुपारही लिहिलंय."

दुपारी उतरवलेला आंबा तापल्या कातळावर पडून राहायचा. जुन्या बाया सकाळचा माल उचलायच्या, दुपारचा माझ्या वाट्याला. ताईंनी दोन वेगळे तक्ते केले. सकाळच्या मालात कुणाचीच पेटी खराब नव्हती. दुपारच्या माझ्या छत्तिसांत बारा, त्यांच्या बारांत चार.

"हिचा तिसरा हिस्सा खराब, तुमचाही तिसराच. हात नाही शिजवत, शेवंता. कातळ शिजवतो."

दुसऱ्या दिवशी बापूकाकांनी आंब्यासाठी सावलीला मांडव घातला. मी राहिले.

हंगाम संपता संपता ताईंनी अंथरूण धरलं. मी रडत म्हटलं, "मी आले आणि तुम्ही पडलात."

"तू आली नसतीस तर मी बरी असते?" त्या हसल्या, मग खोकत राहिल्या. "तू न आल्याचं घर कुठून भरणार, वेडे?"

पावसाळ्यात मी गावी गेले. ताईंच्या नंबरावरून दोनदा फोन आला. कुणीतरी वाईट सांगेल या भीतीनं मी उचललाच नाही. तिसऱ्या दिवशी बापूकाकांनी माझ्या आईच्या फोनवर ताई गेल्याचं कळवलं. नंतर ते म्हणाले, दोन्ही वेळा ताईच होत्या, स्वतः. ताईंना काय बोलायचं होतं, ते बापूकाकांनाही माहीत नाही.

मी पुन्हा पावसला आलेय, पेट्या भरतेय. ताई, तुमच्यासारखं गणित मला यायचं नाही. पण कुणा बाईवर उगाच बोट उठलं, तर मी खाली बघत उभी राहणार नाही. वही मागेन. तुमचे उपकार मी एक दिवस फेडीन.