दहाव्या पानावरची हाक

सत्तरच्या दशकात मी नागपुरात सकाळी शाळेत भूगोल शिकवायचो आणि दुपारी रहस्यकथा पाडायचो. पाडायचो हाच शब्द बरोबर आहे, लिहिणं वेगळं असतं. माझा गुप्तहेर भूतकाळात जायचा. खून झाला की हा पठ्ठ्या खुनाच्या आधीच्या घटकेला जाऊन उभा राहायचा, कुणी केला ते बघायचा आणि परत येऊन त्याला पकडायचा. वाचनालयांत त्या पुस्तकांना बरी मागणी होती आणि तेवढ्यावर मी हवेत होतो.

भूतकाळात त्याला काय करता येतं, याचा नियम मी पहिल्याच पुस्तकात ठोकून दिला होता. फक्त बघायचं, हात लावायचा नाही. दुसऱ्या पुस्तकात माझंच अडलं, तेव्हा त्यानं एका माणसाच्या खिशातून किल्ली काढून घेतली. तिसऱ्यात गच्चीवरून पडणारं लेकरू त्यानं वरच्या वर झेललं, कारण ते मेलं असतं तर माझी गोष्ट पुढे सरकत नव्हती. एका वाचकानं पत्र लिहून विचारलं, नेमका नियम काय? चौथ्या पुस्तकात मी उत्तर दिलं की काळ छोटे बदल चालवून घेतो, मोठे नाही. छोटं कुठलं नि मोठं कुठलं हे कोण ठरवणार, तर मी. मला त्याची फार मजा वाटायची.

पुस्तकं मंगळवारीतल्या एका लहान छापखान्यात निघत. तिथले अक्षरं जुळवणारे जुळारी पन्नाशीचे होते, सगळे त्यांना मामा म्हणत. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे बेताचेच. सोळा पानं एका मोठ्या तावावर छापून घडी घालतात, तो फर्मा; त्यात पहिलं आणि शेवटचं पान तावाच्या एकाच बाजूला येतं. म्हणून ती बाजू आधी जुळवायची, छापायची, खिळे सोडून परत खणांत टाकायचे, आणि मग त्याच खिळ्यांनी मागच्या बाजूची पानं जुळवायची. त्यामुळे शेवटच्या फर्म्यात माझ्या गोष्टीचा शेवट मधल्या पानांआधी छापून व्हायचा. मास्तर, आधी सोळावं द्या, असं मामा दर वेळी म्हणायचे.

मामांना एकच मुलगी, सतरा वर्षांची. दुपारी ती त्यांचा डबा घेऊन यायची. मे महिन्यातल्या एका दुपारी ती आली तेव्हा मी समोर बसून मामांना घाई करत होतो. तिनं डबा ठेवला, बाहेर फार तापलंय असं काहीतरी म्हणाली. मामांनी मान वर न करता हुं केलं. ती गेली. जवळचं रेल्वेफाटक बंद होतं. ती खालून वाकून निघाली आणि मालगाडीखाली सापडली. तेराव्यानंतर मामा कामावर आले. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही मूग गिळून बसलो.

पुढचं सांगायची अजून लाज वाटते. दुसऱ्या वर्षी मला काही म्हणता काही सुचेना. छापखान्याच्या मालकांना पुस्तक सुट्टीआधी हवं होतं, त्यांनी तगादा लावला, आणि मी ते फाटक गोष्टीसाठी उचललं. गाव बदललं, मुलगी शिक्षकाची केली, तिला कुणीतरी ढकललं असं दाखवलं. डबा मात्र तसाच राहिला. माझी समजूत अशी की जुळाऱ्याला मजकूर कळत नसतो. आम्ही वाचत नाही, अक्षरं उचलतो, असं मामाच एकदा म्हणाले होते, आणि छापखान्यात उठबस असलेले सगळे लेखक ते खरं धरून चालत. त्या समजुतीवर विसंबून मी शेण खाल्लं.

सोळावं पान मामांनी निमूट जुळवलं. त्यात बाप मुलीच्या अस्थी नदीत सोडतो आणि खुनी पकडला जातो. ती बाजू छापून झाली. चार दिवसांनी मी दहावं पान दिलं. गुप्तहेर फाटकापाशी उभा आहे, मुलगी त्याच्यासमोरून जाते, तो नुसता बघतो. तासाभरानं मामा ते पान हातात घेऊन माझ्या खुर्चीपाशी आले.

"मास्तर, हा तिले थांब काहून नाई म्हणत?"

मी म्हटलं, त्याला बोलता येत नाही, नियम आहे. मामांनी तिसऱ्या पुस्तकातल्या लेकराचा विषय काढला. ते पानही त्यांनीच जुळवलं होतं. माझी चारही पुस्तकं त्यांना ओळीनिशी ठाऊक होती. मग मी छोट्या आणि मोठ्या बदलांचं ते माझं पुराण सुरू केलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"ते लेकरू वाचवनं लायनी गोष्ट, अन् माही पोरगी वाचवनं मोठी?"

त्यांनी आरडाओरडा केला असता, माझी गचांडी धरली असती तरी बरं झालं असतं. त्यांचं मागणं एवढंच होतं की त्या माणसानं एकदा म्हणावं. एक शब्द.

मी मालकाकडे धावलो, म्हटलं शेवट बदलतो. त्यांनी छापलेल्या तावांची थप्पी दाखवली. त्या दिवसांत कागदाची मारामार होती आणि ती बाजू पुन्हा छापायला एक ताव शिल्लक नव्हता. म्हणजे सोळाव्या पानावर मुलगी मेलेलीच राहणार होती आणि दहाव्यावर तिला हाक मारायची होती.

छापखान्याच्या ओट्यावर बसून मी ते पान पुन्हा पुन्हा लिहिलं. गुप्तहेर हाक मारतो, पण गाडीच्या आवाजात ती ऐकू जात नाही. फाडलं. तो तोंड उघडतो तेवढ्यात काळ त्याला मागे ओढतो. ती तर शुद्ध लबाडी होती, तेही फाडलं. ती थांबली तर शेवट खोटा पडत होता. वैतागून मी दहाव्या पानाचा पहिला मजकूरसुद्धा फाडून टाकला. मीच केलेल्या नियमांत मला एक फट सापडेना, आणि आत मामा रिकाम्या हातांनी बसून होते. शेवटी एक जमलं. तो थांब म्हणून ओरडतो, ती वळून बघते, हसते आणि तरीही वाकून जाते. लिहिताना मला रडू आलं. वाटलं, आता मामांच्या छातीवरचा भार उतरेल. हाक मारली असती तरी काही झालं नसतं, हे त्यांना कळेल. मी जवळजवळ पळतच ते पान नेऊन दिलं.

मामांनी ते दोनदा वाचलं.

"ऐकून गेली?"

मी मान हलवली.

"मास्तर, मी थांब म्हटलं का माही पोरगी थांबे. एकडाव नाई टाळलं तिनं. त्या दिवशी मी म्हटलंच नाई. तेवढंच हाय माह्यापाशी. हे कोनाची पोरगी लिहून आनली तुमी?"

माफी मागायला हवी होती. त्या दुपारी घाई मी लावली होती, निदान हे तरी म्हणायला हवं होतं. त्यांनी ते पान माझ्या हातात परत दिलं आणि पहिलं मागितलं, ज्यात कुणीच हाक मारत नाही ते.

ते मी फाडून टाकलं होतं. तसं सांगितल्यावर मामांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि जुळवायची पट्टी हातात घेऊन शेजारी उभे राहिले. मी आठवून आठवून लिहायला लागलो. मुलगी समोरून गेली. त्यानं बघितलं. तो बोलला नाही. एक ओळ झाली की मामा कागदावर वाकून ती बघत, जुळवत, आणि पुढच्या ओळीसाठी थांबत.