विमलवहिनींची एक ओळ

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेगावला माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. पुतण्या पलीकडून म्हणाला, "काका, आई गेली..." आणि माझ्या मनात आधी काय यावं, तर त्यांचं राहिलेलं भाषांतर आता कोण पुरं करणार! विमलवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. संग्रामपूरला मराठीच्या शिक्षिका होत्या. वर्गात शुद्ध, घरात अस्सल वऱ्हाडी. दादा गेला, नोकरी संपली, तेव्हा त्यांनी शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायला कॉम्प्युटर घेतला.

त्या काळी तालुक्यात सगळीकडे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॉपी केलेल्या सीडीवर काम चाले. मीही तेच सुचवलं. "चोरीचं नोको, भाऊजी," म्हणून वहिनींनी बिलासकट कंपनीची असली सीडी आणली. तिची किल्ली म्हणजे अक्षरं आणि आकडे मिळून झालेला एक लांबलचक नंबर. तो कॉम्प्युटरच्या डब्यावर चिकटवलेल्या चकचकीत पट्टीवर छापलेला होता. आता आमच्या घरी दसऱ्याला शिलाई मशीनपासून सायकलपर्यंत सगळ्यांची पूजा होते. कॉम्प्युटर कसा सुटेल? वहिनी दरवर्षी ओल्या फडक्यानं डबा लख्ख पुसायच्या आणि कुंकू कालवून स्वस्तिक काढायच्या, नेमकं त्या पट्टीवर, कारण तेवढीच जागा गुळगुळीत! असे काही दसरे गेले. मग मशीन बिघडलं, मेकॅनिकनं सीडीवरून सगळं नव्यानं भरून दिलं, आणि काही आठवड्यांनी ते नंबर मागायला लागलं. पट्टीवर फिकट गुलाबी स्वस्तिक तेवढं उरलं होतं.

कंपनीला फोन लावला. बिल आहे म्हटलं, तर पलीकडचा मुलगा गोड आवाजात नंबरच मागत राहिला. शेवटी पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात ओळ आली, तुमची प्रत खरी नाही. जन्मभर कॉपी करणाऱ्या पोरांना पकडलेली ही बाई. दादाच्या वेळी चारचौघांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली. त्या दिवशी मात्र पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "साऱ्या गावात म्या एकटीनं इकत घेतलं, भाऊजी, अन् हे मलेच चोर म्हनून राह्यलं..." मला त्या यंत्राचा असा संताप आला की ते उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं.

वहिनींनी विहिरीपेक्षा बरा मार्ग शोधला. कॉलेजात शिकवणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी अर्चना येऊन त्यांच्या मशीनवर लिनक्स नावाचा दुसरा प्रोग्रॅम घालून गेली. नंबर नाही, परवानगी नाही, कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं. मी आपला दुकानदार. म्हटलं, "फुकटात कोण काय देतं, वहिनी? काहीतरी गोम असणार."

"देवळात महाप्रसाद घेता तवा इचारता का, काऊन फुकट देता म्हनून?"

 वर म्हणाल्या, "फक्त जेवलं का मंग पुढच्या पंगतीले वाढाले उभं राहा लागते."

आणि खरोखरच उभ्या राहिल्या. त्या यंत्राचं सगळं बोलणं इंग्रजीत. जगभरची माणसं आपापल्या भाषेत ते आणत होती, तशा मराठीत आणणाऱ्यांत वहिनी जाऊन बसल्या. पासष्टीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू असताना, वर्षानुवर्षं, ओळीमागून ओळ! दुकानात भर गर्दीत फोन यायचा, "भाऊजी, ह्याले सादा शब्द सांगा." पासवर्ड चुकला की दिसणाऱ्या एका ओळीसाठी तर त्या कधीही न भेटलेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींशी कित्येक दिवस भांडल्या. त्यांना 'अवैध' शब्द हवा होता. वहिनींचं म्हणणं एकच, "मानूस इसरते. इसरला म्हनून तो चोर होते का?" शेवटी त्यांचीच ओळ राहिली. कुठल्या कुठल्या गावांत कुणीतरी पासवर्ड विसरत असेल आणि संग्रामपूरची एक बाई त्याला समजुतीनं बोलत असेल... हा विचार केला की मी आजही थक्क होतो. रोज फोनवर बोलणारी आपली वहिनी एवढी मोठी होती, हे मला तेव्हा कुठं कळलं होतं?

तेरवी झाल्यावर त्यांच्या खोलीत गेलो. कॉम्प्युटरवर झाकलेला विणलेला रुमाल तसाच होता. चालू केलं. पासवर्ड मागितला, मी दादाचं नाव टाकलं. क्षणभर काहीच नाही. मग पडद्यावर उमटलं, "जुळत नाही. घाई नाही, पुन्हा करून बघा."

खरा पासवर्ड पुतण्यानं नंतर सांगितला. तरी संग्रामपूरला गेलो की मी आधी चुकीचाच टाकतो.