बाबांच्या पाठीला पाय लावला

घरी आल्यापासून लिहू लिहू म्हणत टाळत होतो. मधेच शेजारचं नवं रेडकू बघायला गेलो, तिथंच रमलो. आता लिहितो.

मी पायाळू, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. पायाळूनं पाय लावला की पाठीतली चमक जाते, असं आमच्याकडे मानतात. लहानपणी सकाळी आमच्या ओट्यावर माणसं पालथी पडायची. मी पाय लावायचो, हातावर गुळाचा खडा मिळायचा. काय दिवस होते ते.

आता सोयाबीनचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, उचलताना बाबांचीच पाठ धरली. म्हणून आज सरकारी विम्याचं कार्ड चालेल असा फिजिओथेरपिस्ट शोधत मेहकरात फिरलो. दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्या मॅडम हो म्हणाल्या, पण “पेशंटले घेऊन या, अंगठा त्यायचाच लागते.”

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, “एसटीत बसता आलं असतं तर दवाखाना कायले पाह्यजे होता बे? तूच लाव पाय.”

“तुमाले पाय कसा लावू बाबा?”

“साऱ्या गावाले लावला, मले काऊन नाही?”

हलकेच लावला, अन् लगेच पाया पडलो. बाबा डोळे मिटून हसले. उठता मात्र आलं नाही.

तुमच्या गावात होतं का कुणी पायाळू?

थांबा, दारात गाडी थांबली. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापासून आमच्याशी न बोलणारे नामदेवकाका आलेत. म्हणतात, “मागची सीट काढून गादी टाकली. उचला त्याले.”