पोटाला शिवलेला हात

वर्ध्याच्या एका हॉस्पिटलमध्ये, भाजलेल्या आणि हाताला दुखापत झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात मी संशोधनाचं काम बघते. एखादा अभ्यास सुरू झाला की तो रुग्णांना समजावून सांगायचा, त्यांची तयारी असेल तरच त्यांना त्यात घ्यायचं आणि पुढे त्यांचं काय होतं यावर लक्ष ठेवायचं. हे लक्ष ठेवणं किती जड जाऊ शकतं, ते मला हिंगणीकडच्या एका बाईच्या वेळी कळलं.

ती तिशीची असेल. बोर धरणाच्या अंगाला नवरा-बायको मिळून भाजीपाला पिकवायचे. रानडुकरं वांग्याचे वाफे उकरून टाकत, म्हणून नवऱ्याने कुंपणाच्या तारेत रात्रीपुरता करंट सोडायला सुरुवात केली होती. एका सकाळी बटन बंद करायचं राहिलं. ती वांगी तोडायला गेली आणि उजव्या हाताने तिने तार बाजूला सारली. जीव वाचला, पण हाताच्या पाठीवरची कातडी मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत जळाली आणि बोटं हलवणारे आतले पांढरे दोर उघडे पडले.

असे उघडे दोर वाळले तर बोटं कायमची जातात. म्हणून आमच्या विभागाच्या सर्जननी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो, तिच्या जांघेच्या वर पोटावरची कातडी पाकिटाच्या झाकणासारखी उचलली आणि हात तिथे नेऊन शिवला. ती कातडी एका बाजूने पोटाला जोडलेलीच असते आणि पोटाच्या रक्तावर जगते. तोवर हाताकडून नवीन रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. त्या पुरेशा झाल्या की पोटाकडचा पूल कापायचा. एरवी आम्ही तीनेक आठवडे थांबतो. तितके दिवस माणूस हात पोटाला चिकटवून पडून असतो, खांदा आखडतो, बोटं ताठ होतात.

हा पूल काही दिवस आधी कापला तर चालेल का, एवढाच आमच्या अभ्यासाचा प्रश्न होता. कोणाचा पूल लवकर कापायचा आणि कोणाचा नेहमीच्या वेळी, हे कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार. सरांच्या हातात ते नव्हतं, माझ्याही नाही.

मी तिच्या खाटेजवळ बसले तेव्हा नवरा तिची वेणी घालत होता. त्याला ते जमत नव्हतं. शिवलेल्या हाताकडे तो चुकूनही बघत नव्हता. मी सगळं सांगितलं. लवकर सुटलं तर काय फायदा, आणि रक्त कमी पडलं तर कातडी काळी पडून मरू शकते, हेही.

"यातलं बरं कोनतं?" तिने विचारलं.

"ते आम्हाला माहीत नाही, ताई. म्हणूनच अभ्यास आहे."

"तुमालेच मालूम नाई, मंग मले काऊन विचारता?"

"हात तुमचा आहे म्हणून. नाही म्हटलं तरी उपचार तेच, सर तेच."

नवऱ्याने कंगवा खाली ठेवला. "मॅडम, हिच्यावर परयोग नाई करू देनार मी. आधीच लय झालं."

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुमी बटन लावलं तवा मले इचारलं होतं का? आता मले ठरवू द्या."

तो उठून व्हरांड्यात गेला. मी तिला दुसऱ्या दिवसापर्यंत विचार करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने होकार दिला. डाव्या हाताचा अंगठा उठवला, कारण उजवा मोकळा नव्हता. कॉम्प्युटरने तिला लवकरच्या गटात टाकलं.

पूल कापायच्या आधी एक परीक्षा असते. पुलाभोवती मऊ रबराचा पट्टा आवळून पोटाकडचं रक्त बंद करायचं आणि हातावरच्या कातडीचा रंग बघायचा. कातडी गुलाबी राहिली तर हाताचं रक्त तिला पुरतंय. सरांनी पट्टा आवळला. मी उशाशी उभी होते, नवरा पायथ्याशी. सर मधूनमधून बोटाने कातडी दाबत होते. ती पांढरी होई आणि परत रंग धरी. शेवटी सर म्हणाले, "चांगली आहे. उद्या कापू."

दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुटला. ती शुद्धीवर आली आणि तिने आधी खांदा वर उचलून पाहिला. चेहरा दुखण्याने वाकडा झाला, पण ती हसली. मी ऑफिसात परतले.

दुपारी सिस्टरचा फोन आला. "मॅडम, जरा वर या. रंग मला बरा वाटत नाही."

करंगळीकडची कड जांभळट झाली होती. मी दाबून पाहिलं. रंग फार पटकन परत येत होता. म्हणजे रक्त आत शिरत होतं, पण बाहेर पडायला वाट पुरत नव्हती. सर आले, कडेचे काही टाके सोडले, सुईने टोचलं. काळपट रक्त आलं. हात उशांवर उंच ठेवला आणि सांगितलं, दर थोड्या वेळाने बघत राहा. आता हातात तेवढंच होतं.

ती सगळं बघत होती. "काळा होऊन राह्यला का?"

"थोडा. अजून सांगता येत नाही."

"खोटं नका सांगजा मले."

"नाही सांगत."

जिन्यापाशी नवऱ्याने मला गाठलं. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "थांबलो असतो तं हे झालं नसतं ना?"

खरं उत्तर मला माहीत नव्हतं. थांबलेल्यांच्या कातड्याही कधीकधी अशाच जांभळ्या पडतात. तसं सांगितलं तर स्वतःला वाचवल्यासारखं झालं असतं. "कदाचित नसतं झालं," मी म्हणाले, "कदाचित झालंही असतं. मला खरंच माहीत नाही, दादा."

तो भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "पह्यलेबी मीच, आताबी मीच. मी नाई म्हटलं, ती आयकली नाई. पन मी अजून भांडाले पाह्यजे होतं." मग तो वॉर्डात गेला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या हाताकडे बघत बसला.

नालवाडीला घरी गेले तरी माझं जेवणात लक्ष नव्हतं. फोन ताटाशेजारी ठेवला होता. वाजला नाही, आणि वाजत नाही याचा अर्थ काय लावायचा तेही कळेना. सकाळी मी वॉर्डाच्या दारातून थेट तिच्या खाटेपाशी गेले. कडेची एक पट्टी काळी पडली होती. बाकीची कातडी गुलाबी होती. सरांनी दाबून पाहिली, पुन्हा दाबली, आणि म्हणाले, "बाकीची राहील."

ती काळी पट्टी पुढे कापावी लागली. तिथे मांडीची पातळ कातडी लावली. म्हणजे आणखी एक ऑपरेशन, आणखी मुक्काम. अशा अभ्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीला मी घडलेलं सगळं कळवलं, आणि त्यांनी चौकशी होईपर्यंत अभ्यासात नवीन माणसं घ्यायचं थांबवलं. समितीने सरांना बोलावलं, मला बोलावलं. रबरी पट्टा जास्त वेळ ठेवून रंग बघायचा, अशी अट घालून शेवटी पुढे जायची परवानगी दिली.

ती मात्र व्यायामाला येत राहिली. करंगळी पूर्ण मिटत नाही, बाकीची बोटं मिटतात. भाजीची टोपली दोन्ही हातांनी उचलता येते. कुंपणाची तार नवऱ्याने काढून टाकली. आता दोघं आळीपाळीने राखणीला जातात आणि डुकरं तरीही येतात, असं तीच सांगते.

अभ्यास परत सुरू झाल्यावर आर्वीकडचा एक रुग्ण आला. त्याचा हात कडबा कापायच्या यंत्रात गेला होता. मी त्याला समजावत होते तेव्हा ती व्यायाम संपवून शेजारच्या बाकावर टेकली होती.

मी जोखीम सांगितली. ती मधेच बोलली, "मॅडम, माया हात काळा पडलता तेबी सांगजा यायले."

मी सांगितलं. तो काही म्हणायच्या आत तिने पदर सारून हात त्याच्यापुढे धरला, कडेची पट्टी दाखवली, आणि मग बोटं मिटून दाखवली. त्याने वाकून ती पट्टी पाहिली.

"मले नाई जमनार," तो म्हणाला. "मी पुरे दिवस थांबतो."

"थांबा मंग," ती म्हणाली. "तेबी बराबरच हाये."

मी मान डोलावली आणि त्याला सरांकडे घेऊन गेले.