बर्फातली बाई आणि खाजामियाँ पंच

लातुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही. त्या वेळी खाजामियाँ बर्फात असायचे.

पोलीस ठाण्यासमोर त्यांचं झेरॉक्सचं पत्र्याचं दुकान. थोरला मुलगा यासेर हैदराबादला नोकरीला. त्यानं बापाच्या फोनमध्ये परदेशी पिक्चर दिसायची सोय करून दिली होती. सगळ्या देशांचे पिक्चर होते, पण मियाँ अडकले ते नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कच्या खुनांत. गोरी माणसं हिंदीत बोलायची, तीही फार नाही. चार घरांचं गाव, दुपारीच अंधारून आलेलं, गोठलेलं तळं आणि तळ्याच्या काठाला एक मुडदा. मग एक तपास करणारी बाई यायची. जाड स्वेटर, विस्कटलेले केस, घरी नवऱ्याशी पटत नाही, पोरगी फोन उचलत नाही. ती मुडद्याजवळ गुडघे टेकून बसायची आणि बघत राहायची. बस्स, बघत राहायची.

शेजारच्या टपरीवरचा रामलिंग चहाचा कप पुढं करत डोकावायचा.

"मियाँ, सापडला का खुनी?"

"घाई काय हाय? आत्ताशी मुडदा सापडलाय."

"अर्धा तास झाला की! गाणं न्हाई, मारामारी न्हाई. ती बया नुसती बघूनच राहिली."

"तेच तर पाहण्यासारखं हाय."

"आपल्या जमादारानं एवढ्यात दोन मुडदे निपटून वर माझा फुकटचा च्या पेला असता."

दोघं खो खो हसले. हसता हसता खाजामियाँचं तोंड तसंच उघडं राहिलं, पण आवाज बंद झाला.

कारण हे दोघं साधे बघे नव्हते. पंच होते. कायदा म्हणतो, पंचनाम्याला परिसरातले दोन प्रतिष्ठित नागरिक बोलवा. त्यांनी डोळ्यांनी बघावं, मग सही करावी. ह्या ठाण्याला प्रतिष्ठित नागरिक शोधत कशाला हिंडावं लागेल? समोर पत्र्याची दोन दुकानं होती, दोन्ही सरकारी नालीवर, विनापरवाना. जमादार लिहिलेला कागद घेऊन रस्ता ओलांडायचा, "मियाँ, इथं" म्हणायचा, आणि मियाँ तिथं. रामलिंग हात पुसून त्यांच्या सहीखाली. एकोणीस वर्षं असंच चाललं होतं. पत्रा उचलतील ही भीती होती, मान्य. पण 'पंच' म्हटलं की मियाँची छाती फुगायची, हेही खरं. त्यांना नुसतं गरीब बिचारं म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही.

ह्या बर्फातल्या बाईनं मात्र त्यांची वाट लावली. आधी गारवा म्हणून बघत होते, मग चटका लागला म्हणून. एका पिक्चरमध्ये तिनं मेलेल्या पोराचा हात हातात घेतला आणि एकेक नख उजेडाला धरून पाहिलं. मियाँनी तेवढाच भाग पाच वेळा लावला. डाळमिलच्या मागच्या विहिरीत डिसेंबरात एक हमाल पोरगा सापडला होता. त्याची नखं कशी होती? नखं जाऊ द्या, तोंड कसं होतं? कागदावर तर खाजामियाँची सही होती. घरी बायको सुलतानबी म्हणायची, "एवढं दिल जळतंय तर बघता कायकू?" आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बर्फ.

त्याच आठवड्यात नीलम्मा आली. देवणीकडची, पन्नाशीची, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.

"चाचा, ह्याच्या तीन झेरॉक्स काढा. हमाल संघटनेवाल्यांनी कालच कागद मिळवून दिले. साहेबाला अर्ज द्यायचाय, माझ्या लेकराची चौकशी पुन्हा करा म्हणून."

वरचाच कागद बघून मियाँचा हात काचेवर थबकला. मरणोत्तर पंचनामा. मयत अमरेश, वय बावीस, हमाल. खाली त्यांची वळणदार सही, तिच्याखाली रामलिंगची.

"मला वाचता येत न्हाई," नीलम्मा म्हणाली. "पंचाचं नाव तेवढं वाचून दाखवा. मला त्याला भेटायचंय."

"कशाला?"

"मी हैदराबादला बांधकामावर होते. फोन पाण्यात पडलेला. तिसऱ्या दिवशी निरोप आला. येईस्तोवर दिरानं मूठमाती देऊन टाकली. मी बघितलं न्हाई माझं लेकरू. पंचानं बघितलंय ना? तेवढं विचारायचंय, कसा दिसत होता."

"मीच तो पंच," ते म्हणाले.

नीलम्माचा चेहरा असा उजळला की बघवेना. तिनं चक्क त्यांचे हात धरले.

"तुम्ही? पाच महिने विचारून राहिले मी! सांगा की चाचा."

"शांत होता," मियाँ म्हणाले. "झोपल्यासारखा."

"डोळे मिटलेले?"

"हाव. मिटलेले."

"आणि केस? मी येणार म्हणून कापून घेतो म्हणला होता. कापले होते का?"

एवढा साधा प्रश्न. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, नाही म्हटलं असतं तरी. जन्मभर ती तेवढंच उशाला घेऊन झोपली असती. खाजामियाँनी तोंड उघडलं आणि त्यांना कळलं, आपण पुन्हा सही करून राहिलोय.

"बाई," ते म्हणाले, "मी न्हाई पाहिलं."

"केस न्हाई पाहिले?"

"काहीच न्हाई. विहिरीवर गेलो न्हाई, दवाखान्यात गेलो न्हाई. इथंच, ह्या खुर्चीवर सही केली."

तिनं हात सोडले.

"मग झोपल्यासारखा म्हणलात ते?"

"खोटं."

रामलिंगच्या टपरीवर चहा उतू जाऊन गॅसवर सांडत होता. त्यानं गॅस बंद केला आणि न बोलावता पुढं येऊन उभा राहिला. "खालची सही माझी हाय," तो म्हणाला. "मी बी न्हाई बघितलं."

"ह्यात काय लिहिलंय?" नीलम्मानं कागदावर बोट ठेवलं. "वाचा."

मियाँनी वाचलं. "आम्ही पंचांनी प्रेत समक्ष उलटसुलट करून पाहिले. अंगावर जखम अगर मारहाणीची खूण दिसून येत नाही."

"मग बघितलं कुणी?"

"दवाखान्यात डॉक्टरांनी..." रामलिंग पुटपुटला.

"ते फाडतात. मी बघितलं कुणी ते विचारते." तिचा आवाज चढला. "तोंडावर पदर घेऊन रडले मी, की माझं लेकरू परक्या गावात गेलं, पण दोन माणसं तरी होती जवळ. त्या दोघांना दुवा दिला मी. तुम्हाला दिला!"

रस्त्यापलीकडं ठाण्याच्या पायरीवर जमादार तंबाखू मळत इकडंच बघत होता.

"आता हेच लिहून द्या," नीलम्मा म्हणाली. "जे बोललात ते."

खाजामियाँनी कोरा कागद ओढला. नाव, वय, धंदा हातानं आपोआप उतरवलं. पुढचं वाक्य लिहायला वेळ लागला. रामलिंग त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचत होता.

"मियाँ, पत्रा जाणार," तो हळूच म्हणाला.

"जाईल."

"माझा बी."

"तुझं नाव घालू का नको, ते तू सांग."

रामलिंगनं ठाण्याकडं पाहिलं, मग नीलम्माकडं. "घाला," तो म्हणाला.

नीलम्मानं तिथंच उभं राहून दोघांच्याही सह्या करून घेतल्या. मियाँनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो घेतला नाही. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळत ती म्हणाली, "तुम्ही खरं बोललात म्हणून माफ केलं, असं समजू नका." आणि उन्हात उतरली.