वाटीखालची बी

शिवगण सरांनी मुलाखतीत मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "कोणाची गो तू?"

मी पुण्याहून इंजिनिअर होऊन परत आले होते आणि राग नाकावर होता. "सर, नाव अर्जात आहे," मी म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "नाव वाचलं मी. आपल्याकडे नावानं कोण कोणाला ओळखतो? कोणाची कोण, ते सांग." मग बाबा पालीच्या एसटीवर कंडक्टर होते हे सांगावं लागलं. "हां, आता कळलीस," म्हणाले, आणि मला नोकरी मिळाली.

आमचं काम साधं सांगायचं तर हेच होतं, कोणाचं कोण. रत्नागिरीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर बसून आम्ही संस्थांच्या, दवाखान्यांच्या नोंदी बांधायचो. पण रकान्यांत नाही, गोल आणि रेघांत. पेशंट एक गोल, डॉक्टर एक गोल, मधे रेघ. पडद्यावर माउसनं गोल काढायचा, रेघ ओढायची. प्रत्येक गोलावर आणि प्रत्येक रेघेवर एक बारीक कुलूप असायचं. त्यावर टिचकी मारून ठरवायचं, हे कोणाला दिसावं आणि कोणाला नाही. रांगोळी काढण्याइतकं सोपं. सोपं होतं म्हणूनच सरांना त्याचा धाक वाटायचा.

त्यामुळे ते संगणकाला हात लावण्याआधी टेबलावर काजूच्या बिया ओतत. एक बी म्हणजे एक गोल. बियांना सुंभाचे तुकडे बांधून सगळी मांडामांड होई, आणि मुंबईहून आलेला एखादा क्लायंट आ वासून बघत राही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका बीवर स्टीलची वाटी पालथी घातली. "बी दिसते?" नाही म्हटलं. "आणि ही दोरी?" दोरी वाटीखालून बाहेर आली होती. "कोणीही दोरी धरून जाईल गो, वाटी उचलायची गरजच नाय. आधी दोरी झाक. बी मग." हे मी वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलेलं कामाच्या वेळी आठवतंच असं नाही.

पुढच्या वर्षी सरांना कॅन्सर निघाला. ऑफिसात त्यांनी फक्त मला सांगितलं, तेही नाइलाजानं, कारण उपचाराच्या दिवशी त्यांचं काम मला बघायचं होतं. गावी पंच्याऐंशीची आई एकटी होती. "थोरला भाऊ मुंबईत वारला, तेव्हा आयेला ते स्टँडावर कळलं, दुसऱ्याच कोणाकडून. घरचं कोणी पोचायच्या आधी. ती अजून तेच काढून रडते. माझं तिला माझ्या तोंडून कळू दे. शिमगा होऊ दे, पालखी घरी येऊन जाऊ दे, मग मी सांगीन." आईच्या बाबतीत त्यांना एवढंच हवं होतं.

योग असा की ते जिथे उपचार घेत होते, त्याच दवाखान्याची नोंद आम्ही बांधत होतो. ते काम माझ्याकडे होतं. मी मोठ्या हौसेनं चित्र मांडलं आणि कॅन्सर विभागाच्या गोलाला कुलूप घातलं. रिसेप्शनच्या पडद्यावर तो गोल कोरा दिसायचा, ना नाव ना खूण. रेघांना मी कुलूप घातलं नाही. का, ते आजही सांगता येत नाही. चित्र सुबक दिसत होतं एवढं आठवतं. सर आदल्या दिवशीच उपचार घेऊन आले होते. बियांची पिशवी त्यांनी उघडलीच नाही. खुर्चीतूनच पडद्याकडे बघून म्हणाले, "बरं दिसतंय," आणि मंजुरी दिली.

रिसेप्शनवरचा माणूस सरांच्या शेजारच्या वाडीतला. भला माणूस. त्याला दिसलं ते एवढंच : शिवगणांपासून एक रेघ कोऱ्या गोलाकडे गेली आहे, आणि त्याच कोऱ्या गोलाकडे त्याच्या सख्ख्या मावशीचीही रेघ आहे. मावशीला काय झालं होतं ते त्याला ठाऊक होतं. तो कुठे बोभाटा करत फिरला नाही. रविवारी दोन शहाळी घेऊन सरांच्या आईकडे गेला आणि म्हणाला, "आये, घाबरू नको. माझी मावशी बरी झाली, तुझा लेकपन बरा व्हईल."

शिमग्याला आठ दिवस होते.

रात्री त्या माणसानंच सरांना फोन करून आईला धीर देऊन आल्याचं सांगितलं होतं. सोमवारी सर आले ते माझ्या टेबलाशी बसले. खिशातून एक बी काढली, तिला सुंभ बांधलं, वर माझ्या डब्यातली वाटी पालथी घातली आणि दोरी हलकेच ओढली. वाटी सरकली. मला रडू फुटलं. "चूक तुझी नाय, असं मी म्हणणार नाय," ते म्हणाले. "चूक तुझीच. पण मंजुरी माझी आहे. आता रडत बसू नको, रेघा झाक. त्या गोलाला अजून किती लोक लागलेत बघ." आवाज जराही चढला नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

संध्याकाळपर्यंत मी एकूण एक रेघ झाकली. पालखी आली तेव्हा आईनं देवीची ओटी भरली आणि मुलाला काहीच विचारलं नाही. तेच त्यांना सोसलं नाही. "विचारलंनच नाय गो मला," एवढंच ते दोन-तीनदा बोलले. नवरात्रात ते गेले.

बाराव्याला मी त्यांच्या घरी गेले. म्हातारी पडवीत बसली होती. ठरवून गेले होते की सगळं सांगून पाय धरायचे. तिनं माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "कोनाची गो तू?"

बाबांचं नाव सांगितलं, पालीची गाडी सांगितली. तिचा चेहरा जरा उजळला. "त्याच्याच गाडीनं मी बाजारला जायची. मंग तू आपल्यातलीच हायस." मग माझा हात तसाच धरून म्हणाली, "माला सांगनार व्हता तो. मी वाट बगत व्हते. कुनी आदीच सांगितलान त्या शहाळीवाल्या मेल्याला, देव जाने."

तिनं आत चहा ठेवायला सांगितलं, मी तो प्यायले आणि शेवटच्या एसटीनं परत आले. तिला अजून मी काही सांगितलेलं नाही.