मध्येच घुसलेला ट्रम्पेट

दुपारी जॅझची सीडी लावली होती. युरोपातल्या सत्तरी ओलांडलेल्या वादकांची, श्रोत्यांसमोर रेकॉर्ड केलेली. पियानोची पाळी असताना ट्रम्पेटवाले आजोबा मध्येच घुसले. पियानोवाला हसलेला ऐकू आला आणि तो निमूट त्यांच्या साथीला लागला. ड्रमचा ठेका जराही हलला नाही.

“चुकले की हो ते!” मी म्हटलं.

“हो, आणि ते कापलंही नाही कुणी,” हे म्हणाले. आजारपणानंतर बोटं अडखळतात म्हणून यांनी पेटी उघडलीच नव्हती. गाणं संपल्यावर म्हणाले, “पेटी काढ गं.” मला केवढं हायसं वाटलं!

पहिल्याच ओळीत बोट घसरलं. यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवर धरलेला ठेका सोडला नाही. हे हसले, आणि भाता पुन्हा हलू लागला.